विक्रांत मोडीत, कुरसुरा किनाऱ्यावर

१९७१ च्या युद्धकाळात भारतीय नौदलाच्या सेवेत असलेल्या दोन जहाजांची निवृत्तीनंतरची कहाणी एकमेकींपासून इतकी भिन्न आहे की, आपल्या शासनसंस्थेच्या स्वभावाविषयी तिच्यातून पुष्कळ बोध घेता यावा. ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००१ मध्ये सेवेतून निवृत्त झाली आणि दुसऱ्याच वर्षी विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर वस्तुसंग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. आजही रोज शेकडो माणसे तिकीट काढून तिच्यात शिरतात. ‘विक्रांत’ हे देशाचे पहिले विमानवाहू जहाज १९९७ मध्ये निवृत्त झाले. ते मुंबईत संग्रहालय म्हणून जतन करण्याचे ठरले, काही वर्षे ते तसे दाखविलेही गेले आणि अखेर २०१४ मध्ये दारूखान्याच्या भंगारवाल्याला ६० कोटी रुपयांना विकले गेले. पहिले जहाज एका नगरविकास प्राधिकरणाने सांभाळले. दुसरे सांभाळणे देशातील सर्वांत श्रीमंत म्हणविणाऱ्या राज्याला जमले नाही. असे का झाले, हा प्रश्न केवळ नौदलप्रेमींचा नाही. सार्वजनिक मालमत्ता म्हणजे काय आणि तिचे मोल कोणत्या मापाने ठरवायचे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. आणि म्हणून तो समाजवाद्यांचा आहे.

पाणबुडीच्या पोटात

प्रथम कुरसुराकडे पाहू. सोव्हिएत बनावटीची ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी रीगा येथे भारतीय नौदलात दाखल झाली आणि ३१ वर्षे सेवेत राहिली. लांबी सुमारे ९१ मीटर, रुंदी अवघी ८ मीटर. किनाऱ्याच्या वाळूत पक्क्या बसविलेल्या या काळ्या लांबोड्या देहाच्या एका टोकाने प्रेक्षक आत शिरतो व दुसऱ्या टोकाने बाहेर पडतो. मधला प्रवास फार तर अर्ध्या तासाचा असतो. परंतु युद्धाविषयीच्या अनेक भाबड्या कल्पना तेवढ्या वेळात गळून पडतात.

एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी जी वाट आहे ती दार नव्हे, गोल भोक आहे. प्रत्येकाला, मग तो मंत्री असो वा हमाल, वाकून व एक पाय आधी टाकूनच पुढे जावे लागते. टॉर्पेडो ठेवण्याच्या कप्प्यात खलाशांच्या झोपण्याच्या फळ्या आहेत. ज्या अस्त्राने शत्रूचे जहाज बुडवायचे त्याच्या अंगाला अंग लावून माणसे झोपत असत. अशी २२ टॉर्पेडो आणि सुमारे ७५ माणसे या नळकांड्यात महिना महिना राहत. डिझेलची इंजिने चालवून विजेच्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि पाण्याखाली गेल्यावर त्या बॅटऱ्यांवर जहाज चालवायचे, अशी ही यंत्रणा. इंजिनांच्या कप्प्यातील उष्णता, डिझेलचा दर्प, अंघोळीला पाण्याची वानवा, दिवस-रात्रीचा भेद नाहीसा झालेला, हे सारे तेथे उभे राहिल्यावर सांगावे लागत नाही. स्वयंपाकाची जागा पाहून गृहिणी थबकतात. एवढ्याशा कोपऱ्यात एवढ्या माणसांचा स्वयंपाक होत होता, हे त्यांना टॉर्पेडोपेक्षा अधिक आश्चर्याचे वाटते, आणि त्यांचे काही चुकत नाही.

या संग्रहालयाची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे तेथे माहिती सांगणारी माणसे. ती निवृत्त नौसैनिक आहेत. ज्यांनी झडपा फिरविल्या, रात्री जागून पहारे दिले, त्यांच्याच तोंडून शाळेतील मुले पाणबुडी समजून घेतात. श्रम करणाऱ्याने आपल्या श्रमाचे साधन स्वतः समजावून सांगावे, यासारखे दुसरे लोकशिक्षण नाही. आपल्या देशातील बहुसंख्य संग्रहालयांत राजाची तलवार असते, ती घडविणारा लोहार नसतो. कुरसुरामध्ये, मर्यादित अर्थाने का होईना, लोहार हजर आहे.

या सर्वाला खर्च किती आला? पाणबुडी ओढून आणणे, ती किनाऱ्यावर बसविणे आणि संग्रहालयाची सिद्धता करणे यांसाठी सुमारे ५.५ कोटी रुपये. हे काम तेथील नगरविकास प्राधिकरणाने नौदलाच्या साहाय्याने केले. तिकिटांच्या उत्पन्नातून देखभालीचा खर्चही भागू लागला. या यशामुळे धीर येऊन त्याच किनाऱ्यावर, समोरच्या बाजूस, नौदलाचे टीयू-१४२ जातीचे निवृत्त टेहळणी विमान २०१७ मध्ये संग्रहालय म्हणून उभे राहिले. एका सार्वजनिक संस्थेने धाडस केले की दुसरे धाडस सोपे जाते, ते असे.

विक्रांत कोणाचे होते?

आता विक्रांतकडे वळू. या जहाजाची बांधणी दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ‘हर्क्युलीस’ या नावाने इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या गोदीत सुरू झाली. १९४५ मध्ये ते पाण्यात उतरले, तोवर युद्ध संपले होते. अपुरे राहिलेले ते जहाज भारताने १९५७ मध्ये विकत घेतले, बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करून घेतले आणि ४ मार्च १९६१ रोजी ते नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ते मुंबईत आले, तेव्हा स्वागताला पंडित नेहरू उपस्थित होते. सुमारे २१० मीटर लांबीचे, हजाराहून अधिक माणसांना सामावून घेणारे हे तरंगते गाव होते.

गोव्याच्या मुक्तीशी या जहाजाचा संबंध आहे, हे समाजवादी कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याचा जो लढा सुरू केला, १९५५ मध्ये नानासाहेब गोरे व मधु लिमये यांच्यासारख्यांनी सत्याग्रहींच्या तुकड्या नेऊन जो तुरुंगवास व मारहाण सोसली, त्या संघर्षाचा शेवटचा अंक डिसेंबर १९६१ मध्ये झाला. त्या वेळी गोव्याच्या समुद्रात बाहेरून कोणी हस्तक्षेप करू नये यासाठी विक्रांत पहारा देत होते. अंजदीव बेट घेताना नौदलाच्या सात जवानांनी प्राण दिले. सत्याग्रही आणि नौसैनिक या दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, साधने वेगळी होती. पण वसाहतवादाचे ते जोखड उतरविण्यात दोघांचाही वाटा होता. मुंबईत विक्रांत उभे राहिले असते, तर त्याच्या डेकवर उभ्या राहणाऱ्या मुलाला ही दोन्ही सूत्रे एकत्र सांगता आली असती.

१९७१ च्या युद्धात विक्रांतने बंगालच्या उपसागरातून आपली सी हॉक व अलिझे विमाने चितगाव व कॉक्स बाजार यांवर पाठविली आणि पूर्व पाकिस्तानची समुद्रातून होणारी कोंडी पुरी केली. विक्रांतच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर बुडाली. हे पराक्रम पुस्तकांत नोंदले गेले आहेत, आणि ते तसे नोंदले जावेत हे योग्यच आहे. परंतु या कथेतील एक भाग सहसा मोठ्याने सांगितला जात नाही. युद्धापूर्वीच विक्रांतच्या बॉयलरांच्या ड्रमांना चिरा पडल्या होत्या. ती दुरुस्ती वेल्डिंगने होण्यासारखी नव्हती आणि बदली सुटे भाग हाताशी नव्हते. जहाज युद्धात पाठवावे की नाही याविषयीच शंका होती. अखेर कमी वेगाची मर्यादा पत्करून ते गेले. वैमानिकांच्या शौर्याइतकेच श्रेय त्या जखमी बॉयलरांवर दिवसरात्र डोळा ठेवणाऱ्या इंजिनखोलीतील माणसांचे व मुंबईच्या गोदी कामगारांचे आहे. वैमानिकांना पदके मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. जहाज मोडल्यामुळे मात्र एक नुकसान झाले, ते असे की ज्या जागेकडे बोट दाखवून या दुसऱ्या माणसांविषयी बोलता आले असते, ती जागाच नाहीशी झाली. वैमानिकाची कथा ग्रंथात राहते. बॉयलरवरच्या माणसाची कथा बॉयलर असेल तरच राहते.

साठ कोटींचा हिशेब

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाले. मुंबईत ते संग्रहालय म्हणून ठेवण्याचा संकल्प झाला आणि २००१ मध्ये नौदलाने ते लोकांना दाखविण्यास आरंभ केला. जहाज नौदलाच्या गोदीत उभे असल्यामुळे प्रवेश ठरावीक दिवसांपुरता व जहाजाच्या काही भागांपुरताच मर्यादित होता. तरी संधी मिळाली तेव्हा लोकांनी रांगा लावल्या. कायमस्वरूपी संग्रहालयाची जबाबदारी राज्य शासनाने उचलावयाची होती. शासनाने काय केले? त्याने खाजगी भागीदार शोधला. एक-दोन वर्षे नव्हे, जवळजवळ तप उलटून गेले. भागीदार मिळाला नाही. दरम्यान पोलाद गंजत राहिले. २०१२ मध्ये जहाज प्रेक्षकांसाठी असुरक्षित ठरवून बंद करण्यात आले. डिसेंबर २०१३ मध्ये लिलावाचा निर्णय झाला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. जहाजाची अवस्था, निधीचा अभाव व शासनाच्या पाठिंब्याचा अभाव लक्षात घेऊन ती फेटाळली गेली. जानेवारी २०१४ मध्ये लिलाव झाला. सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दारूखान्याच्या किनाऱ्यावर गॅस कटर चालू झाले.

येथे न्यायालयांना दोष देण्यात अर्थ नाही. जे सांभाळण्यास कोणी तयार नाही आणि जे पडावयास आले आहे, ते सांभाळाच असे न्यायालय कोणत्या तिजोरीच्या जोरावर सांगणार? नौदलालाही दोष देता येत नाही. संग्रहालय चालविणे हे त्याचे काम नव्हे, आणि गोदीतील जागा त्याला चालू जहाजांसाठी हवी असते. प्रश्न राज्यकर्त्यांच्या अर्थदृष्टीचा आहे.

ही अर्थदृष्टी असे मानते की, एखाद्या वस्तूला मोल आहे की नाही याची अंतिम कसोटी म्हणजे तिच्यात पैसे गुंतविण्यास कोणी खाजगी मालक पुढे येतो की नाही. तो आला नाही, म्हणजे मोल नाही. मग उरते ते पोलादाचे वजन. अर्थशास्त्राची प्राथमिक पुस्तकेसुद्धा हे मानीत नाहीत. ज्या सेवेचा लाभ समाजभर पसरतो पण गल्ल्यात गोळा होत नाही, ती सेवा बाजार पुरेशा प्रमाणात पुरवू शकत नाही, हे त्या शास्त्राचे जुने व सर्वमान्य सूत्र आहे. परभणीच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलगी मुंबईला येऊन इंजिनखोली पाहते व पुढे अभियंता होण्याचे मनात धरते. तिच्या या लाभाचा वाटा संग्रहालयाच्या ठेकेदाराला मिळत नाही. म्हणून तो संग्रहालयापेक्षा उपाहारगृहाचा, दुकानांचा व जागेचा विचार करतो आणि ती मनाजोगती मिळाली नाहीत तर पाठ फिरवितो. यात त्याची लबाडी नाही, त्याच्या धंद्याची रीत आहे. लबाडी झाली असेल तर ती, आपले कर्तव्य दुसऱ्याच्या नफ्याच्या खुंटीला टांगून ठेवणाऱ्या शासनाची.

आता पैशांच्या अभावाचा युक्तिवाद तपासू. तो पूर्णतः खोटा नाही. कुरसुरा सुमारे २,००० टनांची, वाळूत बसविता आली. विक्रांत १६,००० टनांचे होते, त्याला पाण्यात ठेवायचे तर वेळोवेळी सुक्या गोदीत घ्यावे लागणार, किंवा कायमचा पक्का धक्का बांधून द्यावा लागणार. हा खर्च ६० कोटींच्या भंगारकिमतीहून बराच अधिक झाला असता. परंतु ज्या राज्याला हा खर्च परवडत नव्हता, त्याच राज्याने पुढे अरबी समुद्रातील स्मारकासाठी सुमारे ३,६०० कोटी रुपयांची योजना आखली. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आदराचा हा प्रश्न नाही. ज्यांनी किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांना हाताशी धरून आणि दौलतखानासारख्या दर्यासारंगाला अधिकार देऊन आरमार उभे केले, त्यांचा आदर खऱ्या आरमारी जहाजाचे जतन करून अधिक झाला असता की कमी, याचा विचार ज्याचा त्याने करावा. मुद्दा इतकाच की पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. पैसा कशासाठी काढावयाचा याचा क्रम ठरलेला होता. जे नवे बांधावयाचे असते त्यात कंत्राट असते. जे जुने सांभाळावयाचे असते त्यात केवळ देखभाल असते, आणि देखभालीच्या कोनशिलेचे अनावरण होत नाही.

विक्रांतच्या लोखंडाचे पुढे काय झाले, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे. त्यातील थोड्या धातूचे एक शिल्प २०१६ मध्ये नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभारण्यात आले. त्याच वर्षी एका मोटारसायकल कंपनीने या पोलादाचा अंश वापरल्याची जाहिरात करून नवी गाडी बाजारात आणली. सार्वजनिक जहाज जतन करण्यास शासनाला जे राष्ट्रप्रेम पुरले नाही, ते खाजगी कंपनीला गाडी खपविण्यास पुरले. आणि ज्यांनी ते जहाज हातांनी तोडले, त्या दारूखान्याच्या मजुरांचे नाव कोणत्याच फलकावर नाही. जुन्या जहाजांत ॲस्बेस्टॉस मुबलक वापरलेले असे. त्याच कारणाने फ्रान्सला आपले ‘क्लेमांसो’ हे विमानवाहू जहाज फेब्रुवारी २००६ मध्ये अलंगच्या वाटेवरून परत बोलवावे लागले होते. जहाजतोडणीच्या किनाऱ्यांवर परप्रांतांतून आलेले कंत्राटी मजूर कोणत्या हवेत काम करतात, हा प्रश्न जहाज युद्धाचे असो वा व्यापाराचे, तसाच उरतो.

दुसऱ्यांदा तेच

एकदा झाले ते अनुभवाअभावी झाले असे म्हणता आले असते. परंतु ‘विराट’च्या बाबतीत तीच गोष्ट पुन्हा घडली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ‘हर्मीस’ या नावाने लढलेले आणि १९८७ पासून भारतीय नौदलात असलेले हे विमानवाहू जहाज मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाले. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ते सिंधुदुर्ग जिल्ह्यात निवतीजवळच्या समुद्रात नेऊन संग्रहालय व जलक्रीडा केंद्र करण्याची ८५२ कोटींची योजना मंजूर केली. वर्तमानपत्रांत मथळे आले. योजना अर्थातच खाजगी भागीदारीची होती. अखेर जहाज ३८.५४ कोटींना विकले जाऊन सप्टेंबर २०२० मध्ये अलंगला पोहोचले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडणी थांबविली, तोवर जहाज बरेचसे तोडून झाले होते. एप्रिलमध्ये न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. दोन्ही वेळा संकल्प शासनाचा, अपेक्षा खाजगी मालकाकडून आणि शेवट भंगारवाल्याकडे. याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

युद्धयंत्राचे प्रेम कशाला?

येथे समाजवादी चळवळीतूनच एक आक्षेप येण्याचा संभव आहे आणि तो आदराने ऐकून घेतला पाहिजे. ज्या देशात नगरपालिकेच्या शाळांची छपरे गळतात, प्राथमिक आरोग्य केंद्रांत औषधे नसतात, तेथे संहाराच्या यंत्राचे जतन करण्यासाठी जनतेचा पैसा का खर्चावा? आपण तर युद्धविरोधी. शस्त्रे वितळवून नांगराचे फाळ व्हावेत असे म्हणणारे. मग विक्रांत वितळले याचे दुःख कशाला?

याचे एक उत्तर असे की, विक्रांत वितळल्याने शस्त्रावरचा खर्च एका पैशानेही कमी झाला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच नावाचे नवे विमानवाहू जहाज सुमारे २०,००० कोटी रुपये खर्चून कोची येथे नौदलात दाखल झाले. ते हवे की नको हा संरक्षणनीतीचा वेगळा वाद आहे. पण जुन्याच्या लिलावाचे ६० कोटी म्हणजे नव्याच्या किमतीच्या हजार रुपयांतील तीन रुपये. एवढ्या रकमेसाठी ज्या राष्ट्राने आपली स्मृती विकली, त्याने ती शाळेच्या छपरासाठी विकली नाही, हे निश्चित.

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. युद्धनौका हे केवळ सेनापतींचे साधन नसते; हजार कष्टकऱ्यांची ती वस्ती असते, आणि इतिहासात अशा वस्त्यांनी अनेकदा राज्यकर्त्यांची झोप उडविली आहे. पेत्रोग्राडमध्ये १९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीच्या रात्री ‘अरोरा’ या क्रूझरने तोफेचा इशारा दिला. दुसऱ्या महायुद्धात उथळ पाण्यात बसलेले ते जहाज वर काढून दुरुस्त करण्यात आले आणि १९५६ पासून ते संग्रहालय आहे. सोव्हिएत राज्य गेले, शहराचे नाव बदलले, तरी अरोरा नेवा नदीत उभेच आहे. लंडनला टेम्स नदीतील ‘बेलफास्ट’ ही क्रूझर १९७१ मध्ये एका खाजगी विश्वस्त निधीने संग्रहालय म्हणून उघडली. काही वर्षांतच त्या निधीची आर्थिक स्थिती डळमळीत झाली. तेव्हा जहाज भंगारात न जाता १९७८ मध्ये इंपीरियल वॉर म्युझियम या राष्ट्रीय संस्थेकडे आले. भांडवलशाहीच्या माहेरघरीसुद्धा खाजगी हात थकल्यावर सार्वजनिक हात पुढे झाला. तेथे प्रेक्षक तोफांबरोबरच बॉयलरखोली, भटारखाना, दवाखाना व खलाशांच्या झोळ्याही पाहतो.

मग मुंबईचे काय? १८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील ‘तलवार’ या नौदल केंद्रात निकृष्ट अन्न व अधिकाऱ्यांची अर्वाच्य भाषा यांविरुद्ध खलाशांनी संप पुकारला. पाहता पाहता तो ७८ जहाजांत व सुमारे २०,००० नौसैनिकांत पसरला. गेटवेजवळ शहरातील सामान्य माणसांनी त्यांच्यासाठी अन्न आणून दिले. २२ फेब्रुवारीला गिरणगाव रस्त्यावर आला आणि गोळीबारात दोनशेहून अधिक लोक मेले. अरुणा असफ अलींनी नौसैनिकांची बाजू घेतली. बहुतेक मोठ्या नेत्यांनी शरणागतीचा सल्ला दिला. बडतर्फ झालेल्या खलाशांना स्वतंत्र भारताच्या नौदलातही परत घेतले गेले नाही. कुलाब्यात त्यांचे एक स्मारक आहे. पण त्या ७८ जहाजांपैकी एकही जहाज स्मारक म्हणून राखले गेले नाही. विक्रांत हे त्या बंडातले जहाज नव्हते. तरी खलाशांच्या जीवनाची, त्यांच्या जेवणाच्या थाळीची व मानाच्या प्रश्नाची कथा जेथे सांगता आली असती अशी मुंबईच्या पाण्यातील शेवटची मोठी जागा तीच होती. बंडाचे कारण झालेली ती डाळ-भाताची थाळी खलाशांच्या भोजनकक्षात उभे राहूनच कळते. संगमरवरी फलक वाचून कळत नाही.

पुढे काय मागावे?

जे मोडले ते परत येणार नाही. परंतु प्रश्न संपलेला नाही. नौदलाची जहाजे यापुढेही निवृत्त होत राहतील. ‘गुलदार’ हे निवृत्त जहाज २०२५ च्या आरंभी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे सुपूर्द करण्यात आले. योजना अशी की, ते पुन्हा त्याच निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करावे. माशांना आसरा व प्रवाळांना आधार मिळेल, स्थानिकांना काही रोजगारही मिळेल, तेव्हा योजनेला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. पण पाण्याखालच्या संग्रहालयाचे तिकीट कोणाला परवडेल? पाणबुड्याचा वेष चढवून किंवा पर्यटनाच्या पाणबुडीत बसून ते पाहणारा प्रेक्षक कोण असेल? सिंधुदुर्गातील मच्छीमाराची मुले त्या प्रेक्षकांत असतील की त्यांना होडीतून नेऊन आणणाऱ्यांत, हे आजच विचारले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी यासंबंधी काही निश्चित मागण्या धराव्यात. ऐतिहासिक महत्त्वाचे जहाज निवृत्त होण्यापूर्वीच, म्हणजे ते गंजण्यापूर्वी, त्याचे जतन करावयाचे की नाही याचा निर्णय विधिमंडळात चर्चा होऊन व्हावा आणि त्याबरोबरच निधीची तरतूद व्हावी. खाजगी भागीदार मिळणे ही जतनाची पूर्वअट असू नये. चालविण्याचे काम सार्वजनिक संस्थेकडे असावे. शालेय विद्यार्थ्यांना प्रवेश विनामूल्य असावा. माहिती सांगण्यासाठी निवृत्त खलाशांना व गोदी कामगारांना नेमावे, आणि १९४६ च्या संपाचे दालन त्यात असावे. जे जहाज जतन करणे खरोखरच शक्य नसेल, त्याची तोडणी सुरक्षित गोदीत, कामगार कायद्यांच्या देखरेखीखाली व्हावी आणि विक्रीच्या किमतीतील एक हिस्सा तोडणी कामगारांच्या आरोग्यासाठी राखून ठेवावा.

या मागण्या क्रांतिकारक नाहीत. यांतील पुष्कळशी गोष्ट विशाखापट्टणमच्या एका प्राधिकरणाने कोणताही सिद्धांत न सांगता करून दाखविली आहे. महाराष्ट्रात ती होत नाही, याचे कारण ज्ञानाचा किंवा पैशाचा अभाव हे नसून, सार्वजनिक वस्तूचा मालक आपण आहोत याचे भान जनतेत क्षीण झाले आहे आणि राज्यकर्त्यांना ते तसेच राहिलेले सोयीचे आहे, हे आहे. ते भान जागे करण्याचे काम निवडणुकीच्या प्रचारात होत नाही. गंजणाऱ्या जहाजापासून बंद पडणाऱ्या ग्रंथालयापर्यंत, जेथे जेथे लोकांच्या मालकीची वस्तू भंगाराच्या भावाने काढली जाते, तेथे तेथे लिलावाच्या तारखेपूर्वी जाऊन उभे राहावे लागते. विक्रांतच्या वेळी आपली चळवळ तेथे उशिरा पोहोचली, आणि विराटच्या वेळी पोहोचलीच नाही. पुढच्या जहाजाच्या वेळी तरी वेळेवर पोहोचता येईल, अशी तयारी आतापासून हवी.